न आलेला मुराळी

ताई नाशिक बघायला आली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तिच्या सासरी कळवणला तेच सांगितलं, माझ्या सोसायटीत तेच, आणि आमच्या ह्यांनाही तेच. आमचे हे म्हणाले, "एप्रिलच्या उन्हात नाशिक? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" मी म्हटलं, तुम्ही ओझरला कंपनीत जाऊन एसीत बसता, तुम्हाला काय कळणार. ते एसीत बसत नाहीत, पण रागात माणूस काहीही बोलतो.

खरं कारण एवढंच होतं की आखाजी चार दिवसांवर आली होती आणि आम्हा दोघींना माहेरचं बोलावणं नव्हतं. बाकी जग अक्षय्य तृतीया म्हणतं आणि सोनं घ्यायला जातं. आमच्या सटाण्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. झाडाला झोके बांधायचे, आमरस हाणायचा, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची. त्याआधी भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरी घ्यायला येतो. फोन करून 'या हं' म्हटलेलं चालत नाही, स्वतः यावं लागतं. आमचा भाऊ आम्हा दोघींपेक्षा धाकटा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो एसटीनं यायचा, पुढे मोटारसायकलवर, आता पांढरी गाडी घेऊन. एक वर्ष चुकला नव्हता.

यंदा पौषात आई गेली. म्हणजे ही आईची पहिली घागर. आणि ती भरताना आम्ही तिथे नसणार होतो. ताईची शेजारीण तिला रोज विचारायची, "मुराळी कधी येणार गं?" आणि वर स्वतःच उत्तर द्यायची, "आई नाही म्हटल्यावर आता कसलं माहेर!" तिला चुकवायलाच ताई माझ्याकडे निघून आली. त्या बाईला मी एकदाच भेटले आहे, पण ती समोर असती तर तिला सोडलं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग भावाला फोन करायचा. नाही करायचा. बोलावणं मागून घेतात का कधी? भांडण झालं असतं तर एक वेळ मी फोन करून भांडले असते. भांडणही नव्हतं. वहिनी शांत बाई, भाऊ त्याहून शांत. आई गेल्यापासून तर तो फोनवर 'हां, बरंय' याच्या पुढे जात नव्हता. त्याच्या स्टेटसला कांद्याच्या चाळीचा फोटो होता. तो मी दिवसातून कितीदा उघडून बघितला असेल, त्यात काय दिसणार होतं देव जाणे. कांदा होता नुसता.

ताई आली आणि खिडकीत बसली. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोसायटीचं गेट दिसतं. पांढरी गाडी आली की ही उठून उभी. पहिली संध्याकाळ मी ते सहन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, "ऊठ. नाशिक बघायला आलीस ना, मग नाशिक बघू."

"तो उना ते?" ती म्हणाली. "कुलूप देखीसन परत जाई."

कळवणला नांदली म्हणून ताईची अहिराणी टिकली. माझी नाशिकला आल्यावर पोरांच्या शाळामास्तरणींनी घालवली.

"येणार नाही," मी म्हटलं. "आणि आलाच तर थांबेल दारात. इतके दिवस आपण थांबलोच ना."

खाली उतरल्यावर ताईनं वॉचमनला गाठलं. माझा भाऊ येईल, पांढरी गाडी आहे, डोक्यावर केस कमी झालेत, तोंडानं काही बोलणार नाही पण त्याला जाऊ देऊ नका. वॉचमननं माझ्याकडे बघितलं. मी रिक्षा शोधण्याचं नाटक केलं.

आता खरं सांगते, नाशिकमध्ये जन्म गेला तरी मी नाशिक धड बघितलेलं नव्हतं. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात आणि पाहुणे काळारामाला, असंच चालत आलं. त्यामुळे मी निघाले ती अशी की जणू कोणी मागे लागलंय. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर गेलो, रामकुंडावर पाय बुडवले न बुडवले तोच मी म्हटलं चल. कुंभाच्या कामांसाठी निम्मं शहर खणून ठेवलेलं, रिक्षावाला एका गल्लीत शिरायचा आणि पुढे खड्डा निघायचा, की मागे. ताई प्रत्येक वळणावर विचारायची, "आपली सोसायटी कोनती बाजूले राहिनी?" मी हात कुठेही करायची.

सीतागुंफेत तर कहर झाला. ती गुंफा अशी की वाकून, जवळजवळ बसूनच आत सरकावं लागतं. पुढे गुजराती यात्रेकरूंचा घोळका, मागे कुठल्याशा शाळेची सहल, आणि मधोमध आम्ही दोघी गुडघेदुखीवाल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई जिथल्या तिथे थांबली. "तोच शे! उचल!" फोन पर्समध्ये, पर्स पोटाखाली, मला सरळ होता येईना. मागची पोरं ओरडायला लागली, "आज्जी, पुढे चला!" आज्जी म्हणे! कसाबसा फोन काढला तर आमचे हे. डब्यात कैरीचं लोणचं का नाही, विचारत होते. सीतेच्या गुंफेत बसून मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

बाहेर आल्यावर आम्ही हसलो खूप. उसाचा रस घेतला. हसता हसताच ताई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माले वाटनं, तोच." मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी म्हटलं, रस संपव, अजून पुष्कळ बघायचंय.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी तिला दमवलं. सोमेश्वरचा धबधबा दाखवला, त्यात पाणीच नव्हतं, नुसते काळे दगड. तरी आम्ही त्याच्यासमोर फोटो काढला. मिसळ खाल्ली, तिखटानं ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तेवढ्या निमित्तानं तिनं थोडं रडूनही घेतलं, मी बघितलं. मेन रोडला साड्या बघितल्या. दुकानदारानं गठ्ठ्यावर गठ्ठे उलगडले आणि आम्ही एकही न घेता उठलो, कारण आखाजीला साडी माहेरची नेसायची असते. हे दोघींनाही आठवलं आणि दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

पांडवलेणीला ऊन चढायच्या आत जायचं म्हणून सकाळीच गेलो. पायऱ्या चढताना ताई मध्ये मध्ये थांबायची, मला वाटायचं दम लागलाय. बघते तर ही फोन वर धरून रेंज शोधतेय. वर एक कुटुंब आलं होतं, पांढऱ्या कपड्यांतलं, आजोबांपासून तान्ह्या पोरीपर्यंत. बुद्धाच्या मूर्तीपुढे सगळे ओळीनं बसून हळू आवाजात वंदना म्हणत होते. आम्ही बाजूला टेकलो. ताई त्या मूर्तीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कितला शांत बसेल शे." मी म्हटलं, आपल्याला नाही जमणार, चल खाली. पण मी उठले नाही, कारण त्या कुटुंबातली एक बाई आपल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. तिचाच भाऊ असेल असं मी ठरवून टाकलं. मला तिचा भयंकर हेवा वाटला.

संध्याकाळी घरी आलो की ताई आधी वॉचमनकडे. तो मान हलवायचा. एकदा तो स्वतःहूनच म्हणाला, "नाही आले, मावशी." मला वाटलं, या माणसालाही आता आमची काळजी लागली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रविवार कारंजाकडून चालत येत होतो. आता बघायचं काही उरलं नव्हतं, पण घरी जायचं माझ्या जिवावर येत होतं. त्या बाजूला रस्त्याकडेला घागरी विकायला बसले होते. तांबड्या मातीच्या लहानमोठ्या घागरी, बाजूला घागरीवर ठेवायच्या खरबुजांचा, म्हणजे आमच्याकडच्या डांगरांचा ढीग. मी नजर चुकवून पुढे गेले. चार पावलं गेल्यावर बघते तर ताई मागेच. उकिडवी बसून घागरी वाजवून बघत होती. एक उचलली, उन्हात धरून तडा आहे का बघितलं, खाली ठेवली, दुसरी उचलली. आई अशीच घागर घ्यायची. चार माणसं खोळंबली तरी घाई नाही.

"हे काय करतेस?"

"तुन्हा ओट्यावर मांडू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो तठे भरीच. पन आपला हातनं बी मायले पानी ते भेटाले जोयजे."

माझं डोकंच फिरलं. भाऊ जिवंत असताना, माहेरचं घर उभं असताना, माझ्या बहिणीनं फ्लॅटमधल्या गॅसच्या शेगडीशेजारी चोरासारखी आईची घागर मांडायची? मान गेला खड्ड्यात. मी तिथेच, रस्त्यात, फोन लावला.

"हां, आक्का," भाऊ म्हणाला.

"काय करतोयस?"

"काही नही. चाळमा कांदा भरी ऱ्हायनूत."

"उद्या काय आहे?"

"आखाजी शे."

"घागर आणलीस?"

"आणी ना. ओट्यावर शे. डांगर बी आणं."

"मग आम्हाला आणायला कोण येणार होतं? तुझा बाप?" हे बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्याचा बाप तो माझाही बाप, आणि त्याला जाऊन वर्षं झाली. पण तोंडातून गेलं ते गेलं. घागरीवाली बाई आणि दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. ताई माझा हात ओढत होती, "नको वं, नको असं बोलू."

मग तो म्हणाला, "आक्का, माले कोनी सांगंच नही."

"काय सांगितलं नाही?"

"दरसाल माय म्हने. आखाजी उनी की सकायले माले उठाडे. म्हने, ऊठ रे, जाय, पोरीस्ले लई ये. मंग मी निघू. यंदा रोज उठी बसस. वाटस आते कोनी म्हनी. कोनी म्हनंच नही."

एवढा बाप्या. चाळिशी उलटलेली, पोरं कॉलेजात. रोज सकाळी उठून खाटेवर बसायचा आणि कोणी हाक मारायची वाट बघायचा. आणि इकडे आम्ही त्याची वाट बघत सगळं नाशिक पालथं घातलं. त्याला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं, त्यातून रडूच बाहेर आलं. भर रस्त्यात, हुंदके देऊन. ताई घाबरली, "काय व्हयनं? काय म्हने तो?" मी तिला हातानंच थांबवलं. तिला सांगायच्या आधी मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते माझ्या शहरी मराठीत सांगता येण्यासारखं नव्हतं.

"ऊठ रे," मी म्हणाले. "जाय. पोरीस्ले लई ये."

नाक ओढल्याचा आवाज आला, मग पत्र्यावर काहीतरी पडल्याचा. फोन हातातच राहिला असावा त्याच्या, कारण त्यानंतर तो लांबून, पण मला स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्यानं वहिनीला ओरडून सांगत होता, "अवं, गाडीनी चावी दे! मी पोरीस्ले लेवाले जाई ऱ्हायनू!"