जुलेखाचं विरजण

आधीच सांगून टाकते. भूत, करणी, नजर यातलं काहीही मी कधी मानलं नाही. घरात काही बिघडलं की मी आधी प्लग बघते, मग पाकिटावरची तारीख, आणि मग दुकानदाराशी भांडते. या तीनपैकी एका उपायाने आजवर काम झालंच आहे. हा एक प्रकार सोडून… हे लिहिण्याआधीसुद्धा मी सगळी शक्य कारणं एका कागदावर काढली – दूध, फ्रिज, हवा, कोणाची तरी चेष्टा. एकेक खोडत गेले. कागदावर नुसत्या रेघा उरल्या, म्हणून इथे लिहितेय.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आम्ही कुवेतला, मंगफमध्ये राहत होतो. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनीअर. दर शुक्रवारी सकाळी पुरुष क्रिकेटला गेले की आम्हा बायकांचा वाचनगट भरायचा, आळीपाळीने एकेकीच्या घरी. भारतातून परत येणाऱ्या प्रत्येकीने बॅगेत दोन पुस्तकं आणायची हा माझा नियम, आणि तो मोडणारीला पुढच्या वेळी खायला करून आणायची शिक्षा.

गटात सगळ्यात लांबून, हवल्लीहून बस बदलून यायची ती जुलेखा. रत्नागिरीकडच्या एका खाडीवरच्या गावातली, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिचा नवरा युसुफभाई ज्या कंपनीत स्टोअरकीपर होता, तिथेच शर्मिलाताईंचा नवरा मॅनेजर. शर्मिलाताईही आमच्या गटातल्या, मराठी घेऊन एम.ए. झालेल्या. हे मी सांगायला नको, त्या स्वतःच सांगायच्या.

एका शुक्रवारी नवीन पुस्तक कोणाकडेच नव्हतं. जुलेखा म्हणाली, “मी वाचू काय? माझंच हाय. हसायचं नाय पण.”

पिशवीतून सुटे कागद काढून तिने वाचायला सुरुवात केली आणि कोणी हसलं नाही. चहासुद्धा कोणी मागितला नाही.

कादंबरी होती ती. खाडीकाठचं गाव, भातझोडणी, अंगणात वाळणारी आमसुलं, गोठा. गावात रेवा नावाची मुलगी, घरोघरी विरजण देणारी. तिच्या हातचं विरजण लावलेलं दही दोघांनी एका वाटीत खाल्लं, की त्या दोघांना रात्री एकच स्वप्न पडायचं. पलीकडच्या तीराचा होडीवाला हरबा एकदा तिच्या वाटीतलं दही खातो आणि मग दोघं रोज स्वप्नात भेटायला लागतात… दिवसा मात्र ती शेणाने अंगण सारवतेय आणि तो वल्हं मारतोय, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. आम्ही चाळिशीच्या बायका, पण पुढच्या शुक्रवारची वाट कॉलेजच्या पोरींसारखी बघायला लागलो.

पुढे गावचा खोत म्हणतो की हे विरजण आमच्या घराण्याचं, ही पोर चोर. रेवा गावाबाहेर काढली जाते. जाताना ती फक्त एवढंच म्हणते – ज्या घरात माझं नाव पुसलं, त्या घरात दूध दूधच राहील. खोताच्या घरातलं लागलेलं दही परत दूध होतं. शेवटच्या प्रकरणात खोत धक्क्यावर उभा राहून चारचौघांत कबूल करतो की विरजण रेवाचं. ती माफ करते. दही लागतं.

वाचून संपलं तेव्हा शर्मिलाताई म्हणाल्या, “जुलेखा, कागद माझ्याकडे दे. शुद्धलेखन बघते. सुट्टीत पुण्याला जातेय, एका प्रकाशकांना दाखवते.”

जुलेखाने दिले. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

सप्टेंबरात शर्मिलाताई पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच परत आल्या. मुखपृष्ठावर खाडी, होडी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत शर्मिलाताईंचं नाव. मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेले.

“हे काय आहे?”

“अहो, तिला धड अनुस्वार देता येत नाही. त्या कागदांची कादंबरी मी केली.”

“तिचं नाव कुठे आहे?”

“आभार आहेत ना आत. ‘वाचनगटातील मैत्रिणी’. त्यात ती आलीच.”

मी गटासमोर हा विषय काढणारच होते. जुलेखाने माझा हात धरला. “वैनी, गप बसा. युसुफचा इकामा त्यांच्या सायबाच्या सहीवर हाय. उद्या रद्द केला तर पोरं घेऊन कुठं जाऊ?”

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, तो गेला की देश सोडायचा. मी गप बसले. पण मला इतका राग कोणाचा कधी आला नव्हता. शर्मिलाताई दिसल्या की माझ्या हाताची मूठ वळायची.

आता विरजणाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गल्फमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे – उन्हाळ्यात सगळे दोन महिने सुट्टीवर जातात, फ्रिज रिकामा करून बंद करतात. परत आल्यावर विरजण कोणाकडेच नसतं. जुलेखा दरवर्षी जायची नाही, तिकिटं परवडत नसत. त्यामुळे सप्टेंबरात आम्ही सगळ्या तिच्याकडून विरजण घ्यायचो. मूळचं तिच्या गावचं, फडक्यावर वाळवून आणलेलं. आमच्या सगळ्यांच्या घरात तिचंच दही लागायचं.

त्या वर्षीही शर्मिलाताई सवयीने म्हणाल्या, “जुलेखा, येताना थोडं विरजण आण गं.”

पुस्तक चोरून वर विरजण मागितलं. जुलेखाने आणून दिलं. मी विचारलं, “दिलंस?” तर म्हणाली, “मागितल्यावर नाय कसं म्हणू, वैनी.”

थोड्या दिवसांनी शर्मिलाताईंनी पुस्तकाच्या निमित्ताने घरी सत्यनारायण घातला. चौरंगाशेजारी पुस्तकांची चळत, तिला हळदकुंकू. पूजा सांगायला आमच्यातलेच एक इंजिनीअर, आठवडाभर पेट्रोकेमिकल आणि शुक्रवारी गुरुजी. साहेबांनी बोलावलं म्हणून युसुफभाई आणि जुलेखाही आले होते, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. स्वयंपाकघर माझ्याकडे.

शर्मिलाताई कानाशी येऊन म्हणाल्या, “घरी दही लागतच नाहीये हो. इथलं दूधच वाईट. जमियाच्या दुकानातून दोन डबे आणलेत, तेच पंचामृताला घ्या.” डबे मीच फ्रिजमध्ये ठेवले. सील शाबूत, तारीख पुढची. मी बघितल्याशिवाय काही ठेवत नाही.

गुरुजींनी दही मागितलं. मी डब्याचा कागद फाडला. आत दूध.

नासलेलं नव्हे, पाणी सुटलेलं दही नव्हे. पातळ, पांढरं, ताजं दूध. बोट बुडवून चाखलं – गोड. दुसरा डबा उघडला, तेच.

आमचं घर शेजारच्या इमारतीत. मी स्वतः जाऊन माझं दही आणलं, जुलेखाच्याच विरजणाचं. लिफ्टमध्ये पातेलं तिरकं करून बघितलं, दही जागचं हललं नाही. आणि शर्मिलाताईंच्या उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं तशी पातेल्याला हिंदकळा बसला. काहीतरी गार माझ्या मनगटावरून ओघळलं. बघितलं तर दूध.

मी तिथेच उभी राहिले.

गटातली एक जण मागून कुजबुजली, “ती बाई बसलीय ना बाहेर… त्यांच्यात असतं असलं काहीतरी.”

“तिच्याच विरजणाचं दही तू चार वर्षं खातेस,” मी म्हटलं. “तुला काय झालं?” ती भांडी पुसायला गेली.

शर्मिलाताईंना मी ओट्यापाशी गाठलं. “हे तुम्ही वाचलंय. छापलंयसुद्धा.”

“काय छापलंय?”

“खोताच्या घरातलं दही. पुस्तक आणू बाहेरून?”

त्यांचा चेहरा उतरला. “वेड लागलंय का तुम्हाला? गोष्ट आहे ती.”

“कोणाची?”

बाहेरून गुरुजींची हाक आली, “वहिनी, दही?”

झाकून नेता आलं असतं. दही संपलं म्हणता आलं असतं. मी ते दुधाचं पातेलं सगळ्यांच्या मधून नेलं, चौरंगासमोर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “दही होतं. या घरात आलं आणि दूध झालं.” कादंबरी ऐकलेल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी दाराकडे बघितलं. जुलेखा खाली जमिनीकडे बघत होती. मला फार बरं वाटलं. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

त्यानंतर त्या घरात दही टिकलं नाही. शर्मिलाताईंच्या नवऱ्याने थर्मामीटर लावून दूध कोमट केलं, फ्रिज बदलला, शेवटी फ्लॅट बदलला. विकतचं आणा, कोणाकडचं आणा, दारातून आत आलं की दूध. सांगलीहून सासूबाई आल्या, त्यांना ताकभाताशिवाय जेवण जात नसे. त्या रोज दुपारी माझ्याकडे येऊन जेवायच्या आणि म्हणायच्या, “सूनबाईच्या घरात काय गं शिरलंय?” मी वाढत असे. सांगत काही नसे.

गटातल्या बायका त्यांच्याकडे जायचं टाळू लागल्या. मी मात्र मुद्दाम जायचे आणि जाताना ताकाची बाटली न्यायचे.

दोन हजार दोनमध्ये दोन गोष्टी झाल्या. युसुफभाईंना कंपनीतून रिलीज, म्हणजे दुसरीकडे काम धरायची मोकळीक, मिळाला आणि त्यांचा इकामा हवल्लीत चुलतभावाच्या शिलाईच्या दुकानावर लागला. आणि शर्मिलाताईंचं कुवेत सोडून पुण्याला जायचं ठरलं. मुलीचं लग्न होतं. पण सुट्टीत पुण्याच्या घरीही तोच प्रकार झाला होता, त्यामुळे बाई पार हादरली होती.

निरोपाचा कार्यक्रम माझ्या घरी ठेवला. जुलेखाही होती. जेवणं झाल्यावर शर्मिलाताई माझ्या समुद्राकडच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे तोंड करून. पाठ केल्यासारखं बोलल्या, “ती कादंबरी जुलेखाची आहे. मी तिचं नाव काढून माझं घातलं.”

जुलेखाने नुसती मान हलवली. जाताना शर्मिलाताईंनी माझ्याकडून वाटीभर दही मागून नेलं.

घरी पोचताच त्यांनी मला फोन केला. “दूधच आहे. मी सगळं केलं ना? शेवटच्या प्रकरणात आहे तसंच केलं ना?” रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी हवल्लीला गेले. जुलेखा घावणे घालत होती. मी फोनचं सांगितलं आणि सरळ विचारलं, “तू काही करतेयस का? मला खरं सांग.”

“मी काय करणार, वैनी? माझ्या हातात असतं तर निस्त्या दुधावर थांबले असते?” ती तव्याकडे बघतच बोलत होती. “त्या जुन्या शेवटासारखं बोलल्या. तो शेवट मी कवाच काढला.”

“कधी?”

“पुस्तक हातात आलं तवाच. सगळी कादंबरी आठवून परत लिहिली. आता खोत धक्क्यावर येतो, नाव घेतो. रेवा होडीत बसलेली असते. सगळं ऐकते आणि हरबाला म्हणते, चल. मागं बघत नाय.”

“आणि गाव?”

“खोताच्या घरात दूधच.”

“कायमचं? जुलेखा, तिने कबूल केलं गं चारचौघांत.”

तिने घावणा उलटला. “माफी मी एकदा लिहिली होती, वैनी. ती त्यांनी स्वतःच्या नावावर छापली.”

तिने पुढे केलेला घावणा मी खाल्ला आणि निघाले.

दुसऱ्या वर्षी रत्नागिरीच्या एका छोट्या छापखान्यातून ती कादंबरी निघाली, नव्या शेवटासकट, जुलेखाच्या नावाने. प्रुफं मी तपासली. अनुस्वारही मीच घातले, आणि माझं नाव कुठेही टाकू दिलं नाही.

दह्याचं दूध कसं होतं, हे मी केमिस्ट्रीवाल्यांना विचारलं, डेअरीत काम केलेल्या एका नातेवाइकालाही विचारलं. होऊच शकत नाही, म्हणाले. मलाही तेच वाटतं. पण माझ्या मनगटावरून ओघळलं ते दूधच होतं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

पुस्तक बाहेर आल्यावर शर्मिलाताईंचा पुण्याहून फोन आला होता. दुकानातून घेऊन त्यांनी वाचलं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, “तुमचं ऐकते ती. पुढच्या आवृत्तीत तो पहिला शेवट परत घ्यायला सांगाल का तिला?”

मी म्हटलं, “पहिला शेवट तुमच्या पुस्तकात आहे ना, ताई. तुमच्याच नावावर आहे.” आणि फोन ठेवला.