साखर सोडली, फळ नाही

माझ्या सासऱ्यांनी देवाशी सरकारी भाषेत वाद घातला आणि तो जिंकला. बालाघाटात असा दुसरा माणूस झाला असेल तर मला ठाऊक नाही. आणि झाला असला, तरी त्यानं तो वाद काळ्या पडलेल्या केळ्यांच्या जोरावर जिंकला नसेल, एवढं मी पैजेवर सांगतो.

सासरे सिंचाई विभागात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी कालव्यांच्या काठानं गेली, कधी परसवाड्याकडे तर कधी लामत्याकडे. घरी ते पाहुण्यासारखे शनिवारी येत आणि सोमवारी भल्या सकाळी जीपमधून निघून जात. मोजल्याशिवाय त्यांचा जगातल्या कशावरही विश्वास नव्हता. मी बँकेत नुकताच बदलून आलो होतो, तेव्हा ते मला जावई म्हणून पाहायला आले. पगार, गोत्र, शेती यातलं काही न विचारता त्यांनी विचारलं, "तुमच्या खोलीची खिडकी किती बाय किती आहे?" मला सांगता येईना. "रोज तिच्यातून पाहता ना? मग?" असं म्हणून त्यांनी मान हलवली. मला वाटलं, स्थळ गेलं. गेलं नाही, पण लग्नात अंतरपाट एका बाजूला दोन बोटं खाली आहे म्हणून त्यांनी मंगलाष्टकं थांबवली आणि तो सरळ झाल्याशिवाय भटजींना पुढे जाऊ दिलं नाही. माझा संसार आजवर सरळ चालला तो त्यामुळेच, असं ते शेवटपर्यंत सांगत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त होऊन पहिल्यांदाच पूर्णवेळ घरी बसले. आम्ही एक गल्ली सोडून राहायचो. एका रविवारी सकाळी मी तिकडे चहाला गेलो होतो. वर्तमानपत्र वाचता वाचता सासऱ्यांनी चुकून सासूबाईंचा कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अवो, साखर विसरली काय?"

"तो माझा कप आहे."

"मग तुह्या कपात साखर काहून नाई?"

"मी घेत नाई."

"कधीपासून?"

"चौदा वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी चिरू लागल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौदा वर्षांपूर्वी लामत्याच्या कँपवर सासऱ्यांना मलेरिया झाला आणि तो डोक्यात चढला. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्यांना दवाखान्यात आणलं. त्या दिवशी सासूबाई देवघरासमोर बसून बोलल्या होत्या, हे आपल्या पायानं चालत घरी आले, तर मी जन्मभर साखर, गूळ आणि मध तोंडात घालणार नाही. ते चालत आले. बाईंनी शब्द पाळला आणि कुणाला सांगितलाही नाही. मुलींना वाटे, आईचे दात दुखतात.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नंतर मला फाटकापर्यंत सोडायला आले, तेव्हा म्हणाले, "जावईबापू, नहर कुठं गळून राह्यला, ते मी काठावर उभं राहून सांगत होतो. अन् घरातलं चौदा वर्षं मले दिसलं नाई." एवढ्या ताठ माणसाचे खांदे मी पहिल्यांदा उतरलेले पाहिले.

दुसऱ्याच दिवशी ते पुजाऱ्याकडे गेले आणि नवसातून सुटका करून घ्यायचा विधी विचारून आले. सासूबाईंनी साफ नकार दिला. "सोडवून घेतला अन् तुमाले काही झालं त? मले नाई पाह्यजे." तेव्हा सासऱ्यांनी जुनी सरकारी फाइल काढली, पेनमध्ये शाई भरली आणि बायकोला समोर बसवलं. मी साक्षीदार.

"नेमके शब्द सांग. काय म्हटलं होतं?"

"साखर, गूळ अन् मध."

"आणखी काही?"

"नाई."

"फळ म्हटलं होतं?"

"फळ कोण सोडते?"

"मग झालं," सासऱ्यांनी पेनचं टोपण लावलं. "जे आदेशात नाई, त्याची मनाई नाई."

त्या दिवसापासून परसात चूल पेटली ती पेटली. आयुष्यात कधी दूधही तापवलं नव्हतं त्या माणसानं फळातून गोडवा काढायला घेतला. बाजारात न खपलेली काळी केळी दारात येऊ लागली. राजेगावचा त्यांचा एक शेतकरी मित्र पपया आणि सीताफळं पोतं भरून आणून टाकी. पहिल्यांदा त्यांनी अननसाचा रस आटवला आणि पाहुण्यांच्या चहात घातला. चहा फाटला. पाहुणे कपाकडे आणि एकमेकांकडे पाहत राहिले. सासऱ्यांनी मात्र तळाचा चोथा चमच्यानं खाऊन "आंबट फळ दुधाला चालत नाई" अशी नोंद केली. सीताफळाचा गर चुलीवर चढवला, तर तासाभरात तो असा कडू झाला की कडुलिंबानं पाय धरावेत. त्यांनी तो तीनदा चढवला. चूक आपली की फळाची, हे ठरल्याशिवाय ते कुणालाच सोडत नसत. एकदा केळ्यांचा पाक पातळ राहिला आणि बाटलीत आंबला. राजेगावच्या मित्रानं बूच काढलं, वास घेतला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, आमाले आधी काहून नाई सांगितलं?" पुढचा आठवडाभर गल्लीतले लोक सासऱ्यांना जरा जास्तच वाकून नमस्कार करत होते.

मी चेष्टा करायचो खरा, पण मनातून थक्क व्हायचो. हा माणूस साठीच्या पुढे, धोतर खोचून, धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी तीन-तीन तास कढईपाशी उभा राही. दोन वर्षांनी त्यांना वाट सापडली. खजूर बिया काढून कोमट पाण्यात भिजवायचा, पूर्ण पिकलेल्या केळ्यांबरोबर शिजवून कुस्करायचा, मऊ धोतराच्या फडक्यातून न पिळता गाळायचा आणि मंद आचेवर आटवत राहायचं. पळीच्या पाठीवर बोटानं ओढलेली रेघ मिटली नाही की उतरवायचं. काळसर, चकाकता, मधासारखा दाट पाक. चहाही फाटला नाही.

सासूबाई तो लगेच तोंडात घालेनात. वाटी देवापुढे ठेवली, दिवा लावला आणि डोळे मिटून बसल्या. सासरे देवघराच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे. लग्नानंतर हे दृश्य पहिल्यांदाच दिसलं, असं सासूबाईच नंतर म्हणाल्या. दिवा शांत तेवत होता. बरीच वाट पाहून सासरे हळूच म्हणाले, "आक्षेप नाई दिसत. पास." सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं. डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं झालं," एवढंच त्या म्हणाल्या. सासरे वळून भिंतीकडे पाहत राहिले.

पुढे दहा-बारा वर्षं हा कारखाना चालला. रोज सकाळी सासूबाईंना एक चमचा. सणाला त्याच पाकातली पोळी. हंगाम बदलला की प्रयोग बदलत: चिकू, मनुका, उन्हाळ्यात रानातली टेंभरं. ख्याती पसरली तसे मधुमेहाचे लोक वाटी घेऊन दारात येऊ लागले. त्यांना सासरे तिथूनच परत पाठवत. "फळाची असली तरी साखरच आहे ते. देवाले चालते, डॉक्टरले नाई!"

एका दुपारी मी मागच्या ओसरीवर सासूबाईंशी बोलत बसलो होतो. त्या लसूण सोलत होत्या. परसात सासरे कढई ढवळत होते. मी म्हणालो, "मामंजींसारखा माणूस पाहिला नाही. तुमच्यासाठी केवढं करतात."

सासूबाईंनी एकदा परसाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुमाले एक सांगतो, जावईबापू. कोणाले बोलू नका. मले लहानपणापासून गोड आवडत नाई."

मी जरा पुढे सरकलो.

"मले ते घशाखाली जात नाई. म्हणून त तेच सोडलं. तवा जीव घाबरून गेलता, जे सोडाले सोपं होतं ते तोंडातून निघून गेलं. मंग वाटलं, आपण देवाले फसवलं का काय."

"अन् हा रोजचा चमचा?"

"ते एवढं करून राह्यले, त्याईले कसं सांगू?"

तेवढ्यात सासरे पळी घेऊन आले. घामानं चेहरा निथळत होता. "पाह्य. यावेळी चिकू जास्त घातला." सासूबाईंनी हात पुढे केला, पाक चाटला, डोळे मिटले. "मस्त झाला. थोडा आणखी द्या," त्या म्हणाल्या. सासरे उड्या मारायच्या बेतात परत गेले. त्या दिवसापर्यंत मी एकाच माणसाकडे पाहून थक्क होत होतो.

सासरे गेले ते थंडीच्या दिवसांत, झोपेत, कुणालाही काही मोजायची संधी न देता. तेराव्यानंतर गोड जेवणाचा दिवस आला. नातेवाइकांनी सासूबाईंना घेरलं. ज्याच्यासाठी नवस बोललीस तोच राहिला नाही, आता कशाचं बंधन, दोन घास साखरेचे खा आणि सुतक संपव, असं प्रत्येक जण आपापल्या परीनं समजावू लागला. कुणी शिरा पुढे केला, कुणी जिलबी. सासूबाईंनी दोन्ही ताटल्या बाजूला सारल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि फडताळातून सासऱ्यांनी भरून ठेवलेली बाटली आणली.

त्यांनी पोळीवर पाक ओतला, पोळी बुडेल इतका, आणि एकेक घास सावकाश चावून खाल्ला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला एकट्यालाच ठाऊक होतं म्हणून पाहत होतो. चेहरा जराही हलला नाही.

"आई, आणखी वाढू?" माझ्या बायकोनं विचारलं.

"हौ," सासूबाई म्हणाल्या.