घड्याळ गिळलेली बकरी

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. थिएटरात, गल्लीत आणि मामाच्या घरी सगळे तिला बॅटरी म्हणायचे, कारण तिच्या कमरेला कायम एक बॅटरी लटकलेली असे. वय चोवीस, उंची बेताची, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तीन पडद्यांच्या एका थिएटरात ती दारावर कामाला होती. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायची, आणि सिनेमा संपत आला की आत जाऊन बाहेरच्या दाराची कडी काढून उभं राहायचं.

आता यातली गंमत बघा. सुरुवातीची दहा मिनिटं ती उशिरा येणाऱ्यांसाठी आत असायची. मग दुसऱ्या पडद्याकडे पळायचं, तिथून तिसऱ्या. शेवटची सात मिनिटं राहिली की कडी काढायला परत आत. दोन वर्षांत शंभरावर सिनेमांची सुरुवात तिला पाठ झाली होती आणि शंभरावर सिनेमांचा शेवट. मधला भाग मात्र कामावर असताना तिनं एकाचाही पाहिला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी एखादा पुरा बघावा की, असं तुम्ही म्हणाल. तेही तिनं करून पाहिलं. तिकीट काढलं, छान मधली जागा घेतली, मांडीवर लाह्यांचा पुडा ठेवला. दहा मिनिटं झाली आणि एक जोडपं उशिरा आत आलं. बॅटरीबाई उठल्याच. फोनचा उजेड पाडून त्यांना नववी रांग दाखवली, "पायरी सांभाळा" म्हणाली, आणि परत येऊन पाहते तर आपली जागा कुठली तेच आठवेना. उरलेला सिनेमा तिनं दाराशी उभ्यानं काढला. आणि त्या सिनेमाच्या मधल्या भागात होतं काय, तर नायक व्हरांड्यातून येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होता. "एवढ्या वेळात मी त्याला दोनदा तुरुंगात घालून बाहेर काढला असता," असं तिनं घरी येऊन मामीला सांगितलं, आणि त्यानंतर त्या वाटेला गेली नाही.

एरवीही तिचा कारभार असाच. घरातून निघताना एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात काळी. फोन सापडेना म्हणून सगळं घर डोक्यावर घ्यायची आणि तो फ्रीजमध्ये अंड्यांच्या शेजारी गारठलेला असायचा. एकदा मैत्रिणींबरोबर प्राणिसंग्रहालय बघायला गेली, तर पाणघोड्यासमोर जमलेल्या गर्दीला तिनं सवयीनं रांगेत उभं केलं. लोक मुकाट्यानं उभेही राहिले. पण ते सगळं सोडा, मूळ गोष्ट मामाची आहे.

मामाचं केस कापायचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो, मामी आणि बॅटरी राहायचे. दुकानात एक खुर्ची, एक बाक आणि कोपऱ्यात टवका उडालेला एक आरसा. समोर नवं सलून झालं होतं. तिथं काचेची दारं, फिरत्या खुर्च्या, डोकं धुवायला वेगळं बेसिन. मामाची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली होती. मामा कोणाला काही बोलायचा नाही. नुसता दारात उभा राहून कंगवा पुसत राहायचा, आणि ते बॅटरीला बघवायचं नाही.

अशात एका संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं, "काय गं, नवा कुठला सिनेमा लागलाय? सांग की जरा." तो स्वतः कधी सिनेमाला जायचा नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना बसवून आपण उभा राहिलेला माणूस; तो खुर्चीत टेकला की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा. बॅटरीनं सुरुवात सांगितली: एक न्यायाधीशबाई आहे आणि तिची कानातली एक कुडी पिठाच्या पोत्यात पडते. मामाचा घास हातातच राहिला. "मग पुढं?"

पुढं काय, ते बॅटरीला ठाऊक असतं तर ना! तिला थेट शेवट माहीत होता. बाई समुद्रकिनारी एका पायात बूट घालून गाढवाशेजारी उभ्या असतात. पण मामाचे डोळे असे चमकत होते की "मला नाही माहीत" हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. तिनं एक बेकरीवाला आणला. त्याला एक जुळा भाऊ दिला. पीठ चोरीला लावलं. जेवण होईपर्यंत तिनं बाईंना बरोबर गाढवापाशी आणून सोडलं आणि स्वतः घामाघूम होऊन हात धुवायला पळाली.

दुसऱ्या दिवशी मामानं तो सिनेमा गिऱ्हाइकाला सांगितला. ते गिऱ्हाईक दाढी झाली तरी उठेना. बाकावरचा दुसरा म्हणाला, "माझं राहू द्या, आधी त्या जुळ्या भावाचं सांगा." महिन्याभरात बाक भरला. दोन महिन्यांत लोक घरून स्टुलं आणायला लागले. एक वकीलसाहेब तर डोक्यावर औषधालाही केस नसताना दर आठवड्याला येऊन खुर्चीत बसायचे. मामा त्यांच्या गुळगुळीत डोक्याभोवती नुसती कात्री वाजवायचा आणि सिनेमा सांगायचा. इतकी वर्षं मान खाली घालून काम करणारा माणूस आता छाती काढून बोलायला लागला होता. "आमची भाची सिनेमाच्या लाइनीत आहे," हे वाक्य दिवसातून दहा वेळा व्हायचं.

तुम्हाला वाटेल, एवढ्या दिवसांत कोणाला कळलं कसं नाही. कारण सोपं आहे. अख्खा सिनेमा ऐकून झाल्यावर पुन्हा थिएटरात जातंय कोण? एक शिंपी गेला होता, आणि "तसं काही नव्हतं बुवा त्यात," म्हणून आला. "तुला डुलकी लागली असेल," मामा म्हणाला. शिंप्याला खरोखरच लागली होती, त्यामुळे विषय तिथंच मिटला.

फक्त मामीला संशय होता. भांडी आवरताना ती एकदा म्हणाली, "काय गं, प्रत्येक सिनेमात एक मामी असते, आणि ती प्रत्येक वेळी चिडकीच कशी असते?" बॅटरीनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

आणि मग बकरी आली.

सिनेमा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा होता. सुरुवातीला त्याची बस चुकते. शेवटी तो नाकाला पट्टी बांधून, चिंब भिजून, एका फौजदाराच्या गळ्यात पडून रडत असतो. बॅटरीनं मध्ये बकरी घातली. ती बकरी फौजदाराचं वाडवडिलांपासून चालत आलेलं घड्याळ गिळते, आणि घड्याळवाला आणि फौजदार तीन दिवस तिच्या मागे मागे हिंडतात. रात्री सगळं शांत झालं की बकरीच्या पोटातून टिकटिक ऐकू येते. त्या टिकटिकीवर ते दोघं एकमेकांना आपलं सगळं आयुष्य सांगतात. त्या दिवशी बॅटरीची प्रतिभा अशी काही उफाळून आली होती की मामीसुद्धा भांडी ठेवून दारात येऊन उभी राहिली.

दुकानात बकरीनं धुमाकूळ घातला. लोकांनी मामाकडून बकरीचा प्रसंग चार चार वेळा ऐकला. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "हा सिनेमा नुसता ऐकून भागायचं नाही. ती बकरी डोळ्यांनी बघितली पाहिजे." ठरलं. गुरुवारी दुपारी दुकान बंद, मामा आणि सहा जण सिनेमाला.

बॅटरीच्या तोंडचं पाणी पळालं. मामा तिला रागावेल याचं तिला काही वाटत नव्हतं. पण सहा जणांसमोर त्याचं हसं होणार, बाक पुन्हा रिकामा पडणार आणि तो पुन्हा दारात कंगवा पुसत उभा राहणार, हे तिला बघवणार नव्हतं. तिनं सांगून पाहिलं की सिनेमा उतरणार आहे. "म्हणूनच लवकर जातोय," मामा म्हणाला. थंड हवेचं यंत्र बिघडलंय म्हणाली, तर त्यानं हातपंखा काढून ठेवला. खुर्च्यांत ढेकूण झालेत म्हणाली, तर त्यानं ढेकणाच्या औषधाची बाटली आणली.

"सांगून टाक," मामी म्हणाली.

"काय सांगू?"

"तेच. मला काय विचारतेस?"

पण धीर झाला नाही तो नाहीच. गुरुवारी इस्त्रीचे शर्ट घालून सातही जण दारात उभे राहिले. त्यांची तिकिटं फाडताना बॅटरीनं वकीलसाहेबांचं तिकीट उभं फाडलं. आता तिला एकच आशा होती. मामा खुर्चीत टेकेल आणि घोरायला लागेल. जागा दाखवताना तिनं हळूच म्हटलं, "मामा, आरामात मागं रेलून बस हं."

"छे गं," मामा म्हणाला. "तीन कप चहा पिऊन आलोय. आणि डोळा लागलाच तर चिमटा काढायला यांना सांगून ठेवलंय." वकीलसाहेबांनी बोटं चिमट्यासारखी करून दाखवली.

दोन तास तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. शेवटची सात मिनिटं राहिली तेव्हा ती आत गेली. घड्याळवाला पडद्यावर धाय मोकलून रडत होता आणि मामा खुर्चीच्या कडेवर ताठ बसून, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, पडद्याचे कोपरे धुंडाळत होता. अजून कुठून तरी बकरी येईल असं त्याला वाटत होतं. बॅटरीनं कडी काढली, दिवे लागले, लोक उठले. मामा उठला तो थेट मॅनेजरच्या खोलीकडे.

"तुम्ही बकरी कापलीत," तो म्हणाला.

मॅनेजर एक सडपातळ, सभ्य गृहस्थ होते. कितीतरी वर्षांत त्यांनी स्वतः सिनेमा पाहिला नव्हता. "कुठली बकरी?" ते म्हणाले.

"घड्याळ गिळलेली बकरी!" वकीलसाहेब पुढं सरसावले. "बनवाबनवी नको. शेवटी त्याच्या नाकाला पट्टी कशामुळे? बकरीनं शिंग मारल्यामुळे. दुसरं कारण दाखवा."

"तो काचेच्या दाराला धडकतो ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"काचेचं दार?" वकीलसाहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दोन तासांच्या सिनेमात नुसतं एक काचेचं दार?"

हा मुद्दा बाकीच्या प्रेक्षकांनाही पटला. आपल्याला काहीतरी दाखवायचं राहिलंय अशी कुजबुज झाली. एका बाईनं विचारलं, "बकरी होती का हो यात?" तिच्या कडेवरचं पोर बकरीसाठी भोकाड पसरून रडायला लागलं. "पैसे पूर्ण आणि बकरी नाही?" एक आजोबा कडाडले. बघता बघता चाळीस माणसं मॅनेजरला घेरून, आयुष्यात कधी न पाहिलेल्या बकरीचा हिशोब मागायला लागली.

मॅनेजरांनी सिनेमाचं यंत्र चालवणाऱ्याला खाली बोलावलं. तो बिचारा जिन्यातूनच सांगत आला, "साहेब, मी काही कापलं नाही."

"परवाही तू मध्येच चहाला गेला होतास," मॅनेजर म्हणाले. "बस झालं. उद्यापासून येऊ नकोस."

आता मात्र बॅटरीला राहवलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज फुटला. "साहेब, बकरी माझी आहे!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"तू थिएटरात बकरी आणलीस?" मॅनेजर म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. सुरुवातीची दहा मिनिटं, शेवटची सात, आणि मधलं सगळं आपल्या मनचं. मामाकडे बघायची तिची हिंमत नव्हती.  वकीलसाहेबांनी टोपी घातली, एकेक जण खाली मान घालून बाहेर पडला, आणि सगळ्यांच्या मागून मामा. यंत्रवाला वर गेला. मॅनेजर घड्याळ बघून म्हणाले, "तीन नंबरचा सिनेमा संपत आलाय. कडी काढ जा."

संध्याकाळी ती घरी निघाली. दुकान बंद असेल असं तिला वाटलं होतं, पण ते उघडं होतं. सहाही जण आत होते, वकीलसाहेब खुर्चीत.  मामा कात्री वाजवत होता, पण नेहमीसारखी ताल धरून नाही. ती जिन्याकडे सटकायला निघाली.

"थांब," मामा म्हणाला. तिच्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "ती आजी धरणात उडी मारते, तो सिनेमा?"

"आजी त्यांची. उडी माझी."

"आणि तो आंधळा पोस्टमन?"

"तो आंधळा नव्हता, मामा. नुसता गॉगल घालून यायचा. बाकी सगळं मी."

मामाची कात्री थांबली.  "आणि ते दोन भाऊ... नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, मग धाकटा एका सकाळी उठून नुसता जेवायला जाऊन बसतो. ते ऐकून दुसऱ्या दिवशी मी आमच्या थोरल्या भावाकडे गेलो होतो."

बॅटरीला हे ठाऊक नव्हतं. घरात कोणी कधी बोललं नव्हतं.  "ते पण माझंच, मामा. चुकलं माझं."

मामानं आरशात तिच्याकडे पाहिलं. बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

"मग इतके दिवस मी त्या सिनेमावाल्यांचं कौतुक कशाला करत बसलो होतो?" तो म्हणाला. त्यानं वकीलसाहेबांच्या गळ्याभोवतीचं फडकं ओढून काढलं आणि झटकलं. "उठा, वकीलसाहेब. तुम्हाला कुठं केस आहेत? तिला बसू द्या खुर्चीत."