ट्रंकेतला कागद

लग्न होऊन मी मेळघाटातून अकोल्याला आले, तेव्हा नवऱ्याला गिरणीत लागून जेमतेम वर्ष झालं होतं. साठच्या आसपासची गोष्ट. गिरणीतल्या लोकांसाठी विम्याचा दवाखाना नुकताच निघाला होता. पगारातून थोडे पैसे कापले जात आणि घरच्यांनाही औषधपाणी मिळे. आमच्या धारणीकडच्या गावात औषध म्हणजे बाजाराच्या दिवशी येणारा वैदू. त्यामुळे मला या दवाखान्याचं भारी अप्रूप.

पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत. सहाव्या महिन्यात पायांवर सूज आली. बाईंनी कागदावर बरंच काही लिहिलं आणि म्हणाल्या, "बाळंतपण इथेच कर. आणि हा कागद जपून ठेव."

मी जपून ठेवला. ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली. महत्त्वाचा कागद कुलपात ठेवायचा, एवढंच मला घरून ठाऊक होतं.

सातव्या महिन्यात माय न्यायला आली. नवरा चाचरत म्हणाला, "दवाखाना इथं आहे. तिकडे काय आहे?"

"जावईबापू, पयलं बाळंतपण मायेरीच होते," माय म्हणाली. "लोक काय म्हणतीन, पोरीले मायेर नाही?"

आमच्याकडे तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, ही आमची रीत. मीही थांबते म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला मायेच्या हातचं खायचं होतं. अकोल्याच्या कागदाला तिकडे कोण विचारतो, असं वाटलं आणि ट्रंकेची किल्ली नवऱ्याच्या हाती देऊन मी बसमध्ये बसले.

नवव्या महिन्यात मला झटके आले. सुईण घाबरली. जंगलखात्याच्या जीपमध्ये घालून मला अमरावतीला नेलं. अख्खा दिवस त्या रस्त्यात गेला. तिथले डॉक्टर मायेला पुन्हा पुन्हा विचारत होते, "आधी कुठे तपासलं होतं? कागद कुठे आहे?"

"सूज तं सगळ्याईलेच येते," एवढंच ती म्हणत राहिली.

मी वाचले. मुलगा होता. तो रडलाच नाही.

कागद असता तर तो जगला असता का, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण दोन वर्षं मी मायेवर राग धरला. राग धरायला माय बरी पडते. स्वतःवर धरला तर जगायचं कसं?

दुसऱ्या वेळी मी न्यायला या म्हणून कळवलंच नाही. तरी माय आली, न्यायला नव्हे, राहायला. ज्वारीचं पीठ, डाळ आणि स्वतःचा तवा घेऊन. अंगणात वेगळी चूल मांडून ती आपल्यापुरती भाकर थापायची. दवाखान्यात माझ्याबरोबर यायची. कागद आता तिच्या लुगड्याच्या ओच्यात असायचा. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बाईंनी पट्टा सोडला की कागद पुढे करायची आणि त्या काय लिहितात ते टक लावून बघायची.

मुलगी झाली, धडधाकट. घरी आलो त्या दिवशी नवऱ्याने मायेसाठी पाट मांडला, स्वतः ताट वाढलं. तिने घास मोडला आणि हात तसाच ताटात ठेवला.

"पयल्याच्या येळीच जेवाले पायजे होतं मी इथं," ती म्हणाली.

मी बाजेवर मुलीला घेऊन पडले होते. माझा राग तिथेच संपला.

"जेव माय," मी म्हटलं. "आता जेव."