मंगलबाईंचा कॉम्प्युटर

पौडमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बारा वर्षांत लोकांच्या मशिनींतून जेवढी धूळ निघाली, तेवढेच किस्से साठलेत. मित्र जमले की म्हणतात, "सांग रे एखादा!" मी सांगतो, सगळे हसतात. हल्ली मात्र सांगता सांगता माझंच हसू अडकतं.

*

नांदे गावातल्या एका काकूंनी दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा केली, मग कॉम्प्युटरचीही. दुसऱ्या दिवशी फोन, "मशीन घरघरतंय!" उघडून बघतो तर पंख्यात हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या!

"काकू, पूजा बाहेरून करायची की!"

"आरं, पर काम तर आतलं करतंय!"

मी ब्रश काढला आणि साफ करत बसलो.

*

उरवड्याच्या कारखान्यात लातूरकडचे एक साहेब आहेत. त्यांच्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तेव्हाच मी बजावलं होतं, "बॅकअप घ्या, ही जाणार." गेली, तरी साहेब निवांत. "काळजी नको, सगळं सी ड्राइव्हमधून डीमध्ये टाकलंय!"

सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे, हे मला त्यांना समजावावं लागलं. मुलीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ त्यात होता.

*

मालेच्या मंगलबाई अंगणवाडी सेविका. पन्नाशीत कॉम्प्युटर शिकल्या. दर दोन महिन्यांनी सर्व्हिसिंगला यायच्या. सीपीयू गोधडीत गुंडाळलेला, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मांडीत धरलेला. नवऱ्याला सगळे तात्या म्हणतात. पहिल्या खेपेला मी तात्यांना विचारलं, "पावती कुणाच्या नावानं करू?"

तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "हिच्या."

"नाव काय यांचं?"

"घरातलीच हाय."

बाई खळखळून हसल्या. "लग्नात उखाणा घेतला तेवढाच, बगा! परत काय ह्यांच्या तोंडून नाव न्हाई. लिवा, मंगल."

*

डिस्क तपासायला लावली की मध्येच बंद करू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही. मंगलबाई म्हणाल्या, "व्हय, भात शिजताना सारखं झाकण काढायचं न्हाई." आणि शंभर टक्के होईपर्यंत हलायच्या नाहीत. बाहेरून तात्यांचं चालू, "झालं का न्हाई हिचं?"

*

गेल्या वर्षी मंगलबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. मला फार वाईट वाटलं.

दोन महिन्यांपूर्वी तात्या एकटेच आले, त्याच गोधडीत सीपीयू घेऊन. "चालू व्हईना."

डिस्क जागोजागी खराब झाली होती. दोन दिवस खपून सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. मंगलबाईंचा पासवर्ड तात्यांना ठाऊक नव्हता. म्हातारा माणूस, उगाच अडायला नको, म्हणून मी तो काढूनही टाकला. घरी नेऊन जोडून दिलं. वाटलं, पुण्याचं काम झालं!

चौथ्या दिवशी तात्या गोधडीसकट दुकानात. "पयलं पान कुटं गेलं?"

"तात्या, पासवर्ड काढलाय, आता थेट उघडतं. त्यांचे फोटो, अंगणवाडीची कामं, सगळं दिसतं."

"फोटू भिंतीवर हाय. मला त्ये पान पायजे. रोज च्या झाला की लावतो, बगतो, बंद करतो."

मग माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसलो होतो ते. मान खाली घालून पासवर्ड परत लावायला घेतला. "काय ठेवू, तात्या?"

"तुला काय ठेवायचा त्यो ठीव. मला सांगू नगंस."

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा निळा झाला. मधोमध बाईंनी स्वतः टाईप केलेलं नाव आलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट.

तात्यांनी टोपी काढली. पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं,

"मं...ग...ल."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हां. कर आता बंद."