तुमच्या आजोबांचे सोलर कुकर

मागच्या नाताळात तुम्ही दोघं इथे अमेरिकेत, ट्रॉयला आला होतात, तेव्हा जेवणाच्या टेबलावर आजोबा आणि तुमच्या आईचं बोलणं झालं. ते भराभर मराठीत झालं, त्यामुळे तुम्हाला सगळं कळलं नसावं. ते काय होतं हे लिहून ठेवते आहे. मीही मराठीतच लिहिते. अडेल तो शब्द आईला विचारा.

आजोबांनी आयुष्यभर मोटारींच्या इंजिनांवर काम केलं. निवृत्त झाल्यावर बातम्यांत वणवे किंवा पूर दिसले की ते टीव्ही बंद करायचे आणि म्हणायचे, यातला थोडा धूर माझाही आहे. तुम्ही लहान असताना तुमच्या आईने आफ्रिकेत, मलावीत एका मदतसंस्थेत नोकरी धरली. सुट्टीत इथे आली की ती आम्हाला तिचं काम समजावून सांगायची. सरपणासाठी मुली लांब जातात आणि शाळा बुडते. झाडं कमी होतात, जमीन धुपते, पाऊस हुकला की पीक जातं, आणि पीक गेलं की पोटासाठी लोक कोळसा करून विकतात, म्हणजे आणखी झाडं जातात. त्यामुळे हवामानाचं काम एकीकडे आणि आरोग्य, शाळा, पोटापाण्याचं दुसरीकडे असं करता येत नाही, असं ती म्हणायची.

आजोबांनी त्यातलं सरपण तेवढं उचललं. लहानपणी त्यांनी आपल्या आईला चुलीपुढे खोकताना पाहिलं होतं, आणि त्या खोकल्यातच ती गेली. लग्नानंतर पुण्यात आमच्या गच्चीवर सोलर कुकर होता. काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा. सकाळी डाळ-तांदळाचे डबे आत ठेवले की दुपारी वरण-भात तयार. धूर नाही, लाकूड नाही, कोणी जवळ उभं राहायला नको.

मग आमच्या गॅरेजमध्ये आजोबा आणि त्यांचे दोन मित्र, तिघेही निवृत्त इंजिनिअर, नमुना बनवायला लागले. एका मित्राची बायको एकदा चहा घेऊन आत आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्यापैकी कोणी घरी कधी चहा तरी केलाय का?"

"म्हणूनच तर, वहिनी," आजोबा म्हणाले. "ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही जमेल, असंच यंत्र आहे हे."

इथल्या महाराष्ट्र मंडळाने वर्गणी काढली. पेट्या मलावीतच सुतारांकडून करून घेतल्या आणि गावोगाव दिल्या. रंगीत कापडं नेसलेल्या बायका पेट्यांशेजारी उभ्या आहेत, असे फोटो आले. त्यांतला एक आजोबांनी फ्रिजवर लावला. इतके खुशीत ते निवृत्तीनंतर कधी नव्हते.

नाताळात त्यांनी टेबलावर सांगितलं की पेट्यांच्या दुसऱ्या खेपेची तयारी झाली आहे. तुमच्या आईने चमचा खाली ठेवला.

"बाबा, आणखी पेट्या नका करू."

तिने फोनवर एक फोटो दाखवला. पेटीत कोंबडीची पिल्लं होती. ती बघून तुम्ही दोघं हसलात, आजोबाही हसले. मग त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि काच कुठे गेली असं विचारलं. खिडकीला लावली, छान बसली आहे, असं तुमची आई म्हणाली.

मग तिने सावकाश सांगितलं. न्सीमा तुम्ही रोज खाता, तो कसा करतात हे तुम्हाला माहीत आहे. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून, मोठ्या जाळावर, दोन्ही हातांनी घोटायचं. आपल्या उकडीसारखं, पण त्याहून घट्ट. पेटीत ते होत नाही, कारण ढवळायला काच उघडली की ऊब गेली. शिवाय बायका शेतातून परततात संध्याकाळी. "आपल्या वरण-भाताला माणूस लागत नाही, बाबा. त्यांच्या जेवणाला लागतं."

मग तू त्यांना काय देतेस, असं आजोबांनी विचारलं. मातीच्या चुली, ती म्हणाली. तिथल्याच बायका बनवतात, विकतात, आणि लाकूड कमी लागतं.

"चुली," आजोबा म्हणाले. "मी घरातून चूल बाहेर काढली, आणि माझी मुलगी गावभर चुली वाटते."

"तुम्हाला तुमचा धूर पुसायचाय, बाबा. त्यांना रात्रीचं जेवण करायचंय."

आजोबा उठून गेले. तुम्हाला विमानतळावर त्यांच्या मित्राने सोडलं. त्या दिवसापासून ते तुमच्या आईशी बोललेले नाहीत. दुसरी खेप रद्द झाली.

या वर्षी तुमच्या आईच्या कामाला इथल्या सरकारकडून जाणारा पैसा थांबला आणि तिचं ऑफिस बंद झालं. मी ते आजोबांना सकाळी चहा घेताना सांगितलं. ते कप सिंकमध्ये ठेवून आले. मग म्हणाले, "आणि त्या चुली करणाऱ्या बायका?" मला माहीत नव्हतं.

जूनमध्ये ते एकटेच ड्राइव्ह करून गेले आणि आफ्रिकन दुकानातून मक्याचं पांढरं पीठ घेऊन आले. नमुन्याची पेटी त्यांनी डेकवर उन्हात मांडली. पाणी तापायलाच दुपार झाली. पीठ घालून ते ढवळायला लागले की काचेवर वाफ धरायची आणि पेटी निवायची. काच लावून थांबायचे, पुन्हा उघडायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, बाहेर गेले नाही. संध्याकाळी त्यांनी भांडं आत आणलं. सगळ्या गुठळ्या, आणि गुठळीत कच्चं पीठ. त्यांनी आदल्या दिवशीच्या आमटीबरोबर ते सगळं खाल्लं.

त्या रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, "विचार तिला, पीठ एकदम घालतात की थोडं थोडं?"

मी विचारलं. कोण विचारतंय हे तुमच्या आईला कळलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांना स्वतः विचारू दे, आई."

मी फोन आजोबांकडे वळवला. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले. फोन परत वळवला तेव्हा पडद्यावर तुम्ही दोघं होतात आणि तुमची आई उठून गेली होती. मग आपण तुमच्या शाळेबद्दल बोललो. मी मुद्दाम बोलणं लांबवलं, पण दोघांपैकी कोणीच परत आलं नाही.