इर्मेलीची राहून गेलेली फायनल

इर्मेली कुओस्मानेन टेनिस खेळायची हे फिनलंडमधल्या आमच्या लिएक्सा गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तसं तिला बोलून दाखवलं नाही. तोंडावर कौतुक करणं आमच्याकडे जवळजवळ शिवी देण्यासारखं आहे. मी, रित्वा, दुहेरीत तिची जोडीदार. वर्षानुवर्षं तिच्या शेजारी उभी राहून हरले, तेव्हा तिची कारकीर्द मीच सांगायला हवी. बाकीचे तोंड उघडणार नाहीत.

ती बहुधा पहिल्या फेरीत हरायची. चेंडू रेषेवर पडला की बाहेर, अशी शंका आली, की गुण समोरचीला देऊन टाकायची. मी चिडले की म्हणायची, "असू दे गं. तिलाही घरी जाऊन काहीतरी सांगायचं असेल ना!" अशी बाई फायनलला पोचली ती एकदाच, आमच्याच क्लबात, ऐन हिवाळ्यात, कारण निम्म्या खेळाडू तापाने झोपल्या होत्या.

समोर होती पोर्तुगालची ग्रासा. आता पाहुणी आली म्हणजे सॉना, आमची वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायचा, मग फायनल असो नाहीतर मयत. सामन्याआधी दोघी वरच्या फळीवर जाऊन बसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. पाहुणीच्या आधी उठणं म्हणजे तिला हाकलणं, म्हणून इर्मेली उठेना. ग्रासाही उठेना. का, ते देव जाणे. सामन्याची वेळ टळली तसं मी दार उघडलं.

"अगं, लोक येऊन बसलेत तिकडे!"

"आधी दार लाव! वाफ चाललीय सगळी!" इर्मेली वरून ओरडली.

मी दार लावलं. क्लबचा अध्यक्ष आणि पंच ताउनो बाहेर उभा होता, पण तो बायकांच्या सॉनात शिरणार कसा? दारावर थाप मारायलाही तो तयार होईना. "सॉनात बसलेल्या माणसाला घाई करायची नसते," म्हणाला. मग हॉलमध्ये जाऊन त्याने नियमाप्रमाणे दोघी बाद झाल्याचं जाहीर केलं. प्रेक्षक एकेक खुर्ची सोडून बसले होते. कॉफी प्यायले, दालचिनीचे पाव खाल्ले, शेवटचा पाव संकोचाने ताटातच ठेवला आणि घरी गेले. लाकडं संपून सॉना निवला तेव्हा कुठे या दोघी बाहेर आल्या.

चषकावर त्या वर्षापुढे नुसती रेघ कोरली. पुढे इर्मेलीने टेनिस सोडलं, वाचनालयात नोकरी धरली, पण ती रेघ तिला सलत राहिली. "जिंकले नाही त्याचं काही नाही गं," म्हणायची, "पण मी हरलेसुद्धा नाही. माझा निकालच लागला नाही." मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

गेल्या उन्हाळ्यात, इतक्या वर्षांनी, ग्रासा अचानक क्लबच्या दारात उभी. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "फायनल पूर्ण करू." इर्मेलीने धावत जाऊन दोन रॅकेटी आणल्या. ग्रासाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ सॉनाकडे निघाली.

या वेळी मीही आत गेले आणि खालच्या फळीवर बसले. ग्रासा म्हणाली, "आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, तुमच्याकडे फायनल अशीच होते. जी आधी उठेल ती हरली."

हसून हसून मी फळीवरून पडायची बाकी होते. इर्मेली मात्र हसली नाही. तिने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि पाठ ताठ करून बसली. त्या रेघेच्या जागी नाव यायला तिला नुसतं बसून राहायचं होतं. तेवढं आमच्याकडे शेंबडं पोरही करतं.

थोड्या वेळाने ग्रासाचे ओठ पांढरे पडले. फळी घट्ट धरून ती डोळे मिटून बसली. इर्मेली तिच्याकडे बघत राहिली आणि मग उठली.

मी तिचं मनगट धरलं. "बस खाली मुकाट्याने! आता उठेलच ती."

"नाही उठणार ती, रित्वा. मरेल, पण उठणार नाही." तिने हात सोडवला. "आणि तिलाही घरी जाऊन काहीतरी सांगायचं असेल ना!"

ती दार उघडून बाहेर पडली. मागोमाग ग्रासा दोन्ही हात वर करून, आरडाओरडा करत तळ्याकडे पळाली. मला रडू आवरेना.

ओसरीवर म्हातारा ताउनो बसला होता. टॉवेल गुंडाळून इर्मेली त्याच्यापुढे उभी राहिली.

"ताउनो, मी हरले."

"ठीक खेळलीस," तो म्हणाला, आणि चषक आणायला उठला.

"रेघ खोडून तिचं नाव घाल," इर्मेलीने मागून ओरडून सांगितलं. "आणि खाली माझं. हरलेली म्हणून."